लिव्हरवरचा माणूस

दर संध्याकाळी कुणीतरी विचारतंच,
"ओ, पोराला झेपंल काय हे?"
तिकीट मुठीत चुरगळलेलं,
आणि पोरगं आधीच
गेटाच्या साखळीवर पोट टेकून लोंबकळतंय.

मी भरमाण्णा. संकेश्वरच्या जत्रेत
कोलंबस चालवतो.
जहाज इचलकरंजीच्या एकानं मोडीत काढलेलं,
दस्तगीरमामूनं घेतलं, निळा रंग मारला,
नाकाडावर मगर काढायला सांगितली,
पेंटरनं घोरपड काढली.
खांबावर पत्र्याची पाटी. वर कन्नडात 'हेदरबेडी',
खाली मराठीत 'भिऊ नका'.
त्यातलं 'नका' गंजानं खाल्लं.
आता नुसतं 'भिऊ' उरलंय.

उंची मोजायला बांबू आहे,
तीन फूट आठ इंचावर लाल रिबीन.
खरं बांबूला काय कळतंय?
(आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.
पुण्याचे पाहुणे हसतात. हसू देत.)
रिबिनीच्या वर टाळू गेलेली पोरं
रात्री एकटी मोरीपर्यंत जात नसतात,
आणि चार बोटं कमी पडलेलं एखादं
सकाळीच विहिरीत मुटका मारून आलेलं असतंय.

मी तोंडं बघतो. बारा वर्षं तोंडंच बघतोय.
ओरडतंय त्याची काळजी नाही.
"अव्वाऽ" आलं की समजायचं, हुक्केरीकडचं,
"आयाई गं" आलं की गडहिंग्लजची बस धरून आलेलं.
खरं अगदी वर, जहाज जिथं जरासं थबकतं,
तिथं सगळ्यांचं नुसतं 'आ'.
बाप लोक डोळे मिटतात. मिशीवाले आधी.

भ्या वाटतं ते गप्प पोराचं.

परवा सोमवारी एक होती.
सहा-सात वर्षांची, अबोलीचा गजरा, नवा फ्रॉक.
चौथ्या झोक्याला तिचं तोंड मिटलं,
दुकानदार आतनं फळी ओढून घेतो तसं.
शेजारी बाप मोबाईल उंच धरून,
"हस की गं रेवती, इकडं बघून हस!"

मी लिव्हर ओढला.
टायर जहाजाच्या पोटाला घासला, जळक्या रबराचा वास,
अजून दीड मिनिट शिल्लक होतं.
मागच्या बाकावरची कॉलेजची पोरं खवळली,
"पैसे परत दे बे!"
दस्तगीरमामूनं दिले, मोजून,
आणि रात्री माझ्या पगारातनं कापले.
बाप म्हणाला, "भित्री आहे हो. सवय लागाय पाहिजे."
ती उतरली. फ्रॉक मागनं ओला.
मी बादली घेतली आणि सगळ्याच बाकांवर पाणी ओतलं,
कुठला ते कळू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती परत आली, मावशीबरोबर.
साखळीपाशी उभी राहिली. चार फेऱ्या झाल्या, पाच झाल्या.
ओठ हलत होते, झोके मोजत असणार.
मग मला म्हणाली,
"मी सांगितलं की थांबवणार?"

बारा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, हात वर कर, थांबवतो.
"आणि नाही केला तर?"
तर नाही.

मधल्या बाकावर बसवली, तिथं झोका कमी.
सगळा वेळ डोळे माझ्यावर,
उजवा हात मांडीवरनं अर्धा उचललेला,
धड वर नाही, धड खाली नाही.
माझाही तसाच, लिव्हरवर.
जहाज गेलं, आलं.
कारखान्याकडनं मळीचा वास आला.
एकदा तिनं पोट भरून ओरडून घेतलं.
हात होता तिथंच.

उतरल्यावर काही बोलली नाही. मावशीकडं भजी मागितली.

तर तुम्ही विचारताय, झेपंल काय.
मला ठाऊक नाही.
बांबू तिकडं आहे, तिकीट चाळीस रुपये.
तेवढं जरा खाली वाका
आणि त्याला विचारा,
मला ऐकू येईल असं.