सुधारणेस वाव

तीन दिवस मी त्यांची इतिवृत्तं वाचत होते
अंधेरीत, सातव्या मजल्यावर,
एसीखाली शाल पांघरून.
संचालक मंडळाच्या अकरा बैठका,
प्रत्येकीत ‘सविस्तर चर्चा झाली’.
शेवटची सुरू साडेतीनला,
संपली तीन बावन्नला.
बावीस मिनिटांत चौदा विषय,
त्यातच चहा.

स्वतंत्र संचालक श्री. मुळगुंद
वर्षभरात एकदाच बोलल्याची नोंद आहे:
मागचं इतिवृत्त कायम करावं, असं सुचवायला.
अनुमोदन श्री. तेरेदेसाईंचं.
ते अध्यक्षांचे मेहुणे,
हे इतिवृत्तात नाही,
लिफ्टमनने सांगितलं.

चौथ्या दिवशी मानखुर्द.
इमारतीच्या तळमजल्यावरचा बोळ, सकाळचे आठ,
चटईवर पाच-पाच जणींच्या रांगा,
मुठीत घडी घातलेल्या नोटा.
पलीकडे शाखा, एका खोलीची,
भिंतीला तक्रारपेटी.
माझ्या तक्त्यात तिची चौकट आहे:
पेटी असेल तर तीन गुण.
किल्ली कुणाकडे, हे तक्ता विचारत नाही.
मी विचारलं.
शाखाधिकारी, किनवटहून आलेला कोवळा पोरगा,
त्याने खिशातून जुडगा काढला
आणि चौथ्या किल्लीला पेटी उघडली.
आत वेफर्सचं रिकामं पाकीट, कुणाची तरी वीजबिलाची पावती
आणि वहीचा फाडलेला कागद:
‘जरीनाच्या घरी रात्री माणसं पाठवू नका.
नवरा सायनला ॲडमिट आहे.’
तीन सह्या, एक अंगठा.
तारीख नव्हती.
पोरगा म्हणाला, मॅडम, मी जूनमध्ये आलोय.

रत्नप्रभा खरात, गटप्रमुख, इडल्या विकते.
तिने मला उभ्या उभ्याच विचारलं:
आमच्यातली एक चुकली की चौघी भरतो.
जरीनाचे सात हप्ते आम्हीच भरले,
मी तर पातेलं मोडून.
तुमच्या त्या वरच्या टेबलावर
एकाचं चुकलं तर बाकीचे भरतात का हो?
मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

मग तिने भिशीची वही दाखवली.
डबा जरीनाकडे, किल्ली हिच्याकडे,
महिन्याच्या शेवटी सगळा हिशेब मोठ्यांदा वाचायचा,
कारण दोघींना वाचता येत नाही.
ऐकल्याशिवाय सही नाही,
ती म्हणाली, अंगठासुद्धा नाही.
मी गुणांचा तक्ता खालीवर पाहिला.
याला कुठे चौकट नव्हती.

मसुद्यात मी लिहिलं: कारभार दुबळा.
शिरोडकर सरांनी चष्मा पुसला.
फी त्याच संस्थेकडून येते, असं ते म्हणाले नाहीत.
म्हणाले, शब्द जरा बघ.
मी बघितला.
चौथीच्या प्रगतिपुस्तकात गणितापुढे
बाईंनी लिहिलेलं आठवलं,
आणि तेच लिहिलं:
सुधारणेस वाव आहे.
आईने तेव्हा न वाचताच सही केली होती.

आता चौसष्ट पानं समोर आहेत,
शेवटच्या पानावर माझ्या नावाखाली रेघ.
ऑफिस अर्धं रिकामं.
मी पहिल्या पानापासून वाचायला घेतलंय,
मोठ्यांदा.
शेजारच्या टेबलावरचा मुलगा कानातून तार काढतो,
मॅडम, मला काही म्हणालात?
हो, मी म्हणते. ऐक.
एकोणिसाव्या पानावर आवाज अडकतो.
तो थांबून राहतो,
पुढचा शब्द येईल म्हणून.