आउनेची ओळ

औलूमध्ये दुपारी अडीचलाच अंधार पडतो.
तूलिक्की दिवा लावत नाही,
पडद्याच्या उजेडात स्वतःचाच जुना कोड वाचते:

आधी विचार, कुणाच्या डेस्कटॉपवर आलो आहोत.
ग्नोम म्हणालं, तर पांढरं, कडा गोल, बटणं थोडकी.
केडीई म्हणालं, तर निळसर, आणि चिन्हं त्यांचीच.
एक्सएफसीई असेल, तर साधं, शाळेच्या पाटीसारखं.
काहीच बोललं नाही, तर करडं.

देश तसा वेश.
चौदा ओळींत बसवलेला.

केमियार्वीहून रेइयोची मेल आली, वय एकोणऐंशी,
मोतीबिंदू काढून तीन आठवडे:
"पक्षी मोजायचा तुझा प्रोग्राम चांगला आहे.
पण उघडला की डोळ्यांत बर्फ जातो.
माझ्याकडे बाकी सगळं काळं आहे.
खिडकीबाहेरसुद्धा."

तिने एक आज्ञा पाठवली:
टर्मिनलमध्ये टाका, जे छापून येईल ते कळवा.
आलं: ग्नोम.

पण फोटोत ग्नोम कुठेच नाही.
नुसत्या चौकटी, एकीला एक खेटून,
त्याने हाताने जुळवलेल्या, बिननावाच्या.

दोन दिवस गेले. मग टिंबाने सुरू होणाऱ्या
एका लपलेल्या फाइलीच्या तळाशी ओळ सापडली:
आपण ग्नोम आहोत असं सांग.
वर शेरा, प्रिंटर चालावा म्हणून. आउने.
तारीख अकरा वर्षांपूर्वीची.

तूलिक्कीने विचारलं नाही, कोण आउने.
रेइयोनेच लिहिलं:
"तिला तेच आवडायचं. ती गेल्यावर मी सगळं काढून टाकलं.
ही ओळ नजरेतून सुटली.
प्रिंटर तर केव्हाच मोडीत गेला."

म्हणजे यंत्र खोटं बोलत नव्हतं.
कुणीतरी कानात सांगून ठेवलेलं
रोज सकाळी उठल्या उठल्या म्हणत होतं,
विचारणारं कुणी नसतानाही.

"ती ओळ पुसून टाका," एवढंच लिहायचं होतं.
तिने लिहिलं. खोडलं.
बाहेर बर्फ उपसणारी गाडी गेली, भिंतीवर पिवळं फिरवत.

मग कोडमध्ये पंधरावी ओळ घातली, सगळ्यांच्या वर:
माणसाने स्वतः काही सांगितलं असेल, तर तेच.
नसेल, तरच देश विचार.

गुरुवारी रेइयोची मोजणी आली, काळ्यावर करडी अक्षरं:
रामगंगा अकरा, डोमकावळे दोन,
एक खार, मोजायची नसते तरी.
खाली: ओळ तशीच ठेवली आहे.
आता ती कुणाला त्रास देत नाही.