कान शिवणारी

शाळेच्या स्नेहसंमेलनाला सशाचे कान मीच शिवते,
वर्षाला एक जोडी, कधी दोन.
आत पुठ्ठा, वर पांढरं सॅटिन,
कानाच्या पोटात गुलाबी अस्तर,
तारीबाईंच्या ब्लाऊजमधून उरलेलं.
वर्गात जो कमी बोलतो, त्याला ससा करतात.
गेल्या वर्षी चोडणकरांचा ओंकार होता.
वाक्य एकच : पळा, पळा, पळा.
तेही विसरला. कान घट्ट धरून उभा राहिला.
लोकांनी टाळ्या वाजवल्या, काय घाबरलाय बघा हुबेहूब.

यंदा कार्तिकात सड्यावर शूटिंगवाले आले.
गवत नुकतं पिवळं पडून आडवं झालेलं,
खाली खाडी, ओहोटीची.
नवरा बोटीवरून परतला नाही, असा सीन.
बाई कातळावरून धावते,
आणि तिच्यापुढून एक ससा जातो.
"ससा म्हणजे तिच्या मनातली भीती,"
दिग्दर्शक म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं,
जणू मी तोही शिवून देईन.

मी म्हटलं, आमच्याकडचा पांढरा नसतो हो.
गवताच्याच रंगाचा. मानेवर काळा डाग,
मागून कुणी शाईचं बोट पुसावं तसा.
ते म्हणाले, शालनताई, पडद्यावर कळायला नको का
की तो ससा आहे?

कोल्हापुरातून पिंजरा आला.

बाबा रात्री बॅटरी घेऊन ह्याच सड्यावर यायचे.
उजेड डोळ्यांत गेला की ससा जागीच थांबायचा.
भ्याला, मी म्हणायचे.
"भियान नाय गो चेडवा. बघता तो, कोण इलो ता."
मग बार व्हायचा.
साफ करायला आईशेजारी मी.
एकदा तिनं काळीज माझ्या तळहातावर ठेवलं, अजून कोमट.
दुप्पट वजनाच्या कोंबड्याचंही एवढं नसतं.
"बघ," ती म्हणाली, "आणि माणसां म्हणतत
सशाचा काळीज..."
पुढचं बोलली नाही. टोपात टाकलं.
आम्ही खाल्लं. चांगलं लागलं.
हेही सांगायला हवं.

तर पांढऱ्याला कातळावर सोडला.
तो बसला.
बाई धावत आली, पदर, केस, सगळं वाऱ्यावर,
तो गवताचं एक पातं चावत होता.
कट.
मागून टाळ्या वाजवल्या, डबा वाजवला,
केतकी नावाची मुलगी वाघासारखी ओरडली.
सातव्या वेळी तो उठला,
आणि सरळ माझ्या साडीत येऊन शिरला.
भीती कशी दिसते हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.
राहू दे, दिग्दर्शक म्हणाले,
ह्याला नंतर कॉम्प्युटरवर पळवू.

दिवे उतरवत होते. कॅमेरा पेटीत गेलेला.
करवंदीच्या जाळीपाशी काहीतरी उंच झालं.
गवतच उभं राहिलं म्हणा.
सूर्य त्याच्या बरोबर मागे,
आणि दोन्ही कान आतून लाल, शिरा मोजता येतील इतके.
एकतीस वर्षं मी गुलाबी अस्तर लावते आहे,
ते अस्तर नसून उजेड असतो
हे कुणी सांगायचं मला?

त्यानं आम्हाला नीट पाहून घेतलं.
ट्रक, छत्र्या, खुर्चीत पाय चोळणारी हिरॉईन.
कोण आलंय ते.
मग गेला. पळाला नाही, गेला,
घरी काहीतरी विसरलेल्या माणसासारखा.
ससेमिरा, ससेहोलपट, सगळं आमचंच सामान,
त्याच्या नावावर ठेवलेलं.

संमेलन पंधरा दिवसांवर आलंय.
बाजारातून गोणपाटाच्या रंगाचं कापड आणलं,
मानेमागे काळा तुकडा जोडला,
प्रेक्षकांना दिसणार नाही अशा जागी.
ओंकारनं घालून पाहिलं. आरशाकडे बघत राहिला बराच वेळ.
तारीबाईंना अजून दाखवले नाहीत.
त्या म्हणणार, अहो शालनताई,
लोकांना गाढव वाटेल.