कांद्याच्या सालींचा रंग

देव रद्द झाल्याचं आम्हाला शाळेत कळलं.
मग श्कोडरच्या मोठ्या चर्चमध्ये बास्केटबॉल सुरू झाला.
घंटा ट्रकमधून नेल्या, त्यांचं पुढे काय झालं
कुणी विचारलं नाही.

आई मात्र हिवाळाभर कांद्याच्या साली साठवायची
चुलीमागच्या डब्यात,
आणि ईस्टरच्या आदल्या रात्री खिडकीला घोंगडी लावून
सहा अंडी उकळायची. सहाच.
विटेसारखी तांबूस, जरा डागाळलेली.
आम्ही ती अंधारात खायचो,
अंड्यावर अंडं न आपटता,
कारण भिंतीपलीकडे आवाज जातो.

टरफलं टाकायची कुठे, हा खरा प्रश्न.
उकिरडे तपासतात म्हणे.
आई ती खलबत्त्यात कुटून कोंबड्यांना घालायची.
कोंबड्या पुरावा टिपून खायच्या
आणि पुन्हा अंडी द्यायच्या.

सोमवारी बाई म्हणाल्या, हात पुढे.
तेउताबाई वाईट नव्हत्या;
माझ्या पेन्सिलीला टोक त्याच करून द्यायच्या.
नखं बघत बघत त्या रांगेतून आल्या.
माझ्या शेजारी हावा. रोजाच्या महिन्यात
तिच्यापुढे भरदुपारी दुधाचा पेला ठेवला होता.
प्यायली होती ती. सगळा. ओठ पुसून हसलीही होती.

माझ्या अंगठ्याच्या नखाखाली
एक तांबडी रेघ राहून गेली होती.
हावाने शाईची दौत कलंडवली.
दोघींना दोन दोन छड्या.
बाईंनी माझे निळे हात उलटेसुलटे करून पाहिले,
जरा जास्तच वेळ,
आणि पुढच्या बाकाकडे गेल्या.

आता घंटा नव्या आहेत.
नातवाच्या बाप्तिस्म्याची तारीख मी परस्पर ठरवून आले,
तर लेक म्हणाली, नको.
मोठा झाला की त्याचं तो बघेल.
मी भडकले. आम्ही जीव मुठीत धरून जे जपलं,
ते तू असं, बसल्या जागी, नको म्हणतेस?
तिने उत्तर दिलं नाही. दूध गरम करायला गेली.

पाळण्यात पोराची मूठ घट्ट वळलेली.
मी उगाच ती उघडायला लागले, एकेक बोट,
आणि अंगठ्याचं नख
उजेडाकडे वळवून बघताना
माझं मलाच दिसलं.

रात्री कांदे सोलले, साली डब्यात टाकल्या.
सवयीने घोंगडी घेऊन खिडकीशी गेले.
समोरच्या गच्चीवर कुणी कपडे वाळत घालत होतं.
त्याने हात हलवला.