ही नाही, ती

उदगीर तेव्हा बिदर जिल्ह्यात होतं.
आजोबा वजीरोद्दीन किल्ल्यातली जुनी माती
जिभेच्या टोकावर ठेवायचे,
थुंकायचे, म्हणायचे, ही नाही, ती.
त्या मातीत उकळलं की जस्त काळं पडतं,
चांदी तशीच राहते.

धाकटा भाऊ अठ्ठेचाळीसच्या थंडीत कराचीला गेला,
छिन्न्या घेऊन.
छप्पनला बिदरही पलीकडे गेलं,
पण ते निदान पहाटेच्या एस्टीनं गाठता यायचं.

भावाचं कार्ड: इथली माती नुसती खारट. रंग चढत नाही.
आजोबांनी शेरभर माती मांजरपाटात शिवून पाठवली.
चार महिन्यांनी परत आली,
शिवण उसवलेली, वर शिक्का.

परवा दुबईमार्गे धाकट्या आजोबांची सुरई आली.
राखाडी. कानस न फिरवलेली.
चांदीची वेल राखाडीतच बुडालेली.
ती पुडी अजून माझ्याकडे आहे.
पाणी उकळत ठेवलं, चिमूटभर जिभेवर घेतली,
आणि गॅस बंद केला.

लातूरच्या प्रदर्शनात ती तशीच मांडलीय.
लोक विचारतात, काम अर्धवट राहिलं का?
मी म्हणते, डोळे मिटा,
बोट फिरवा.
पाकळी लागेल.