छाट

कारखान्यात संध्याकाळी चेकर
एकेक कट्टा बोटानं दाबून बघतो.
ढिली बिडी निघाली की बाजूला फेकतो.
तिला छाट म्हणतात.
छाटीचे पैसे मिळत नाहीत,
छाट घरी नेता येत नाही.

मला नेली.
दवाखान्याच्या पायरीवरून, सुपात घालून,
तंबाखूवर फडकं अंथरून.
नेणाऱ्या पाच जणी:
नरसव्वा, पोचम्मा, शांतव्वा, बिल्किस, सुंदराबाई.
कुणाचा नवरा गिरणीबरोबरच संपलेला,
कुणाला नव्हताच,
बिल्किसला होता, पण ती सांगायची, नाही.
एक खोली, पाच सुपं,
भांडणं तेलुगूत सुरू, कानडीत पेटलेली,
मराठीत विझायची.

शाळेच्या फॉर्मवर आईच्या नावाला एकच ओळ.
चिठ्ठ्या टाकल्या. नरसव्वा निघाली.
बाकीच्या चौघी दोन दिवस
तिच्या हातचं जेवल्या नाहीत.

चार वर्षांची असताना मी चेकरला म्हणाले,
"मामा, एकोणचाळीस लिहिलंत. चाळीस आहेत."
त्यानं मोजले. परत मोजले.
तेव्हापासून माझ्या आया
मला कडेवर घेऊनच माल द्यायला जायच्या,
तराजू न्यावा तशी.

बाराव्या वर्षी बंगळूरच्या शाळेचं पत्र आलं.
तीन हजार पोरांतून अकरा घेतली होती.
छाट किती, ते मी आधी काढलं:
दोन हजार नऊशे एकोणनव्वद.
मग आनंद झाला.

पोचवायला कोण जाणार, यावर रात्रभर वाद.
एक गेली तर चौघी रुसणार,
पाचही गेल्या तर दिवसाला पाच हजार बिड्या बुडणार.
मी म्हणाले, पाच मूळ संख्या आहे,
तिला भाग जात नाही. मी एकटी जाते.
सुंदराबाई म्हणाली, "लई शहाणी झालीस की,"
आणि भाकरी जाळली.

फलाटाची तिकिटं दोनच काढली.
गाडी दहा मिनिटं थांबते.
पाचांतून दोघींच्या जोड्या दहा,
मिनिटाला एक जोडी,
प्रत्येकीच्या वाट्याला चार मिनिटं.
हिशेब माझाच होता.
जिन्यावर तिकिटं या हातातून त्या हातात जात होती,
उरलेल्या तिघी पायरीवर सूप मांडीवर घेऊन
दोरा गुंडाळत होत्या.

नरसव्वानं माझी वेणी घातली.
पोचम्मानं तिच्यासमोरच ती सोडून
नव्यानं घातली.
शांतव्वानं गजांतून पान कापायचा पत्रा दिला,
कडा झिजून गुळगुळीत झालेला:
"पट्टी म्हणून चालतंय."
बिल्किसनं ओठ हलवले,
माझ्या कपाळावर फुंकर मारली.
सुंदराबाई चार डब्यांवर पाचवा डबा ठेवून
नुसती उभी राहिली.

सातव्या जोडीला गाडी हलली.
उशिरा आलेली गाडी
थांब्यातली मिनिटं चोरते,
हे मी धरलंच नव्हतं.
फलाटावर पोचम्मा आणि सुंदराबाई.
जिन्यावर तिघी उठल्या,
सुपं उलटली,
एवढ्या लांबूनही मला दिसली
खाली सांडलेली दिवसाची मजुरी.

टिकेकरवाडी गेली, होटगी गेली.
पाचही डब्यांत शेंगाचटणी,
पाच तऱ्हेची तिखट.
दुधनीनंतर पाट्यांवरची अक्षरं गोल झाली.
ती मला येत होती.
शांतव्वा सुपातल्या तंबाखूत
बोटानं काढून दाखवायची,
आणि मला शिंका यायच्या.

समोरच्या काकांनी माझ्या ओढणीचा वास घेतला,
काही बोलले नाहीत.
मी पत्रा गालाला लावून बसले होते.
शांतव्वा-बिल्किस.
शांतव्वा-सुंदराबाई.
बिल्किस-सुंदराबाई.

दिवे लागल्यावर काकांनी विचारलं,
"एकटीच आहेस का गं?"
मी म्हणाले, नाही,
तीन जोड्या यायच्यात अजून.

ते थोडे सरकले,
जागा करून दिली.