आर्गॉनला वास नसतो

पास्कूमेस्त्रींच्या शेडमध्ये पहिला महिना
मी ठिणगी पाडलीच नाही.
टॉर्च उघडायची, पुसायची, परत जोडायची.
मागची टोपी, तिच्यातली रबरी रिंग,
तांब्याचं कॉलेट, गुलाबी चिनीमातीचा कप,
पोराच्या कानामागचं मळ काढावं तशी एकेक खाच.
"आयटीआयत काय शिकवल्यानी मगे?"
हेच शिकवलं होतं. पण तिथे समुद्र नव्हता.

इथे आनंदवाडीच्या धक्क्यावर
एका रात्रीत सगळ्यावर खार चढतो,
कुलपावर, विळीवर,
आणि अर्थिंगच्या क्लॅम्पखाली, जिथून विजेला घरी परतायचं असतं.
म्हणून आधी सँडपेपर, चकचकीत होईस्तोवर.
हातमोजे ओले असतील तर चहा प्यायला जायचं,
बोटवाला कितीही बोंबलू दे.

टंगस्टनची कांडी पेन्सिलीसारखी तासायची,
रेघा टोकाकडे धावणाऱ्या. आडव्या रेघांवर जाळ वाट चुकतो.
तिचा दगड वेगळा; त्यावर एकदा कुणी कोयता घासला
तर मेस्त्री दिवसभर बोलले नाहीत.
लाल टोकाच्या कांड्या त्यांनी कधीच बंद केल्या.
"त्या धुळीत किरणां असतत," म्हणाले,
आणि सोनेरी टोकाचा डबा पुढे सरकवला.

मतलय सुटली की पत्र्याचा आडोसा धरायचा,
नाहीतर वारा गॅस पळवतो आणि जोड काळा पडतो, भोकाभोकांचा.
टोक वितळत्या तळ्याला लागलं की बाटलं.
तोड, परत तास.
पोलादावर जीव लागला की हात चुकतो, हे मी शिकले
त्या पहिल्या पन्नास कांड्यांत.
आणि जोड संपला म्हणून टॉर्च उचलायची नाही.
आठ-दहा सेकंद तिथेच, गॅस वाहता ठेवून,
मयताच्या घरून आपण लगेच उठत नाही तसं.
मग मुठीवरची चावी बंद.

ती चावी.

शिमग्याच्या चार दिवस आधी
'दर्यासाई'च्या बर्फाच्या खणात स्टीलचा पत्रा बसवत होते.
संध्याकाळी मध्येच लाइट गेली.
जाळ विझला, मी वर आले, वाट बघितली,
कंटाळून घरी गेले.
टॉर्च खाली, हुकाला. चावी उघडी.

सकाळी बोटीवरची मांजर, खवली,
खणाच्या तळाशी निजलेली दिसली.
हाक मारली. शेपटीसुद्धा हलेना.
मी शिडीवर एक पाय टाकला
आणि कुणीतरी माझी वेणी धरून मागे खेचलं.
"थंयच रव, चेडवा!"
अडुसष्ट वर्षांचे मेस्त्री. मांजरीकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं.
ते सिलिंडरच्या काट्याकडे बघत होते. काटा शून्यावर.

आर्गॉन हवेहून जड. पाण्यासारखा तळ धरतो,
पण दिसत नाही, घशात खवखवत नाही.
माणूस त्यात बुडतो आणि कोरडा राहतो.

ब्लोअरची सोंड तळापर्यंत सोडली, दोन तास.
मग ऑक्सिजनचा मीटर दोरीला बांधून खाली,
आकडा एकवीसला टेकेस्तोवर
कुणी शिडीला शिवलं नाही.
मग मी उतरले. एकटी नाही,
मेस्त्री काठावर, माझ्या कमरेची दोरी त्यांच्या मुठीत.
खवलीला वर आणलं.
कोरडी होती.

ते पुढे त्यावर कधी बोलले नाहीत.
फक्त आता काम सुटताना शेडच्या दारात थांबतात,
आणि मी न विचारता सांगते:
सिलिंडर बंद, पाइपातला गॅस सोडला, टॉर्च खणाबाहेर, खुंटीवर.

रात्री घरी भांडी पालथी घालताना विचारते,
आई, शेगडीची चावी बंद केलीस?
ती म्हणते, वास तरी येतोय का कुठे?
मी उठून बघून येते.